बाबा, अण्णाकाकांचे टाळ घेऊन या

ती. बाबा आणि ती. आई,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर मी "बाबा, एकदा मनसोक्त रडून घ्या ना" असं म्हणाले आणि तुम्ही "ठेवतो" म्हणून फोन ठेवलात. तेव्हापासून जिवाला रुखरुख लागून राहिलीय. स्पीकर चालू असताना, घरात चार माणसं बसलेली असताना तसं बोलायला नको होतं. चुकलंच माझं. पुन्हा तसंच होऊ नये म्हणून हे पत्र.

आधी ठरलेलं सांगून टाकते. शनिवारी सकाळी साडेअकराला मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतलीय. तुम्हाला न विचारता घेतली. विचारलं असतं तर "भात घरात येऊ दे, मग बघू" म्हणाला असतात, आणि मग शाळू पेरायचा राहिला असता. चार महिने असेच गेलेत बाबा. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणालात, ईसीजी झाला, टूडी इको झाला, दोन्ही नॉर्मल. मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, मग मानेचा एक्सरे. आई सांगते, रात्री दोनला उठून गोठ्यात जाऊन बसता.

तुमचं दुखणं खोटं आहे असं एकदाही माझ्या मनात आलेलं नाही. दुखतंय ते खरंच दुखतंय. आम्हाला समुपदेशनाच्या अभ्यासात आर्थर क्लाइनमन नावाच्या डॉक्टरांचं काम होतं. चीनमधल्या हुनान प्रांतात डोकेदुखी, थकवा, झोप नाही अशा तक्रारी घेऊन येणारे शंभर रुग्ण त्यांनी तपासले. त्यांच्या कागदांवर 'नसांचा अशक्तपणा' असं निदान होतं. क्लाइनमननी नीट विचारपूस केली तेव्हा शंभरातल्या ८७ जणांना नैराश्य असल्याचं दिसलं. १९८२ साली त्यांनी ते छापलं. ती माणसं काही लपवत नव्हती. त्यांच्या समाजात मन खचलंय म्हणायची सोय नव्हती, डोकं दुखतंय म्हणायची होती.

ते वाचताना मला आपलंच घर दिसत होतं. "मला दुःख होतंय" असं वाक्य आपल्या घरात कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. आपल्या पोटात कालवतं, छातीत धस्स होतं, घशाशी आवंढा येतो. आजी नुसतं "जीव थाऱ्यावर नाही" म्हणायची आणि सगळ्यांना कळायचं.

अण्णाकाका गेले तेव्हाचं अजून डोळ्यांसमोर आहे. येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यापासूनच हेल काढायची, काकूच्या गळ्यात पडायची. "माझ्या पोराची फी भरलीस रं दादा" असं अण्णाकाकांचं एकेक घेऊन रडायची. दहा मिनिटांनी पदराने तोंड पुसून पाणी मागायची. लहानपणी मला असं रडणं वरवरचं वाटायचं. आता वाटत नाही. बायकांना तेवढी हक्काची जागा आहे, शब्दसुद्धा तयार आहेत. काकू आज कितीतरी सावरली आहे, ती काय उगाच? त्या वेळी तुम्ही लाकडांचं बघत होता, पाहुण्यांना फोन करत होता, तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत दाखल्याला गेलात. दहाव्याला कावळा शिवेना. तुम्ही पुढे झालात, हात जोडून काहीतरी पुटपुटलात, आणि कावळा आला. लगेच मागे वळून म्हणालात, "चला, ऊन चढलं, सगळ्यांच्या चहाचं बघा." लोक म्हणाले, भाऊ खंबीर आहे. मीही इथे ऑफिसात कौतुकाने तेच सांगितलं. आता वाटतं, तो 'खंबीर'च तुमच्या छातीवर बसलाय.

तुम्हाला रडता येत नाही असं थोडंच आहे? मी सहा वर्षांची होते, तुम्ही मला खांद्यावर घेऊन चांदोबाच्या लिंबाला वारीतलं उभं रिंगण बघायला नेलं होतं. घोडे धावून गेले, अण्णाकाकांनी टापांखालची माती उचलून माझ्या कपाळाला लावली, आणि मग तुम्ही दोघे भाऊ गळ्यात गळा घालून ढसाढसा रडलात. मी घाबरून तुमचे केस घट्ट धरले होते. तिथे कुणी तुम्हाला बायकांसारखा रडतोस म्हणालं नाही. माझ्या पाठवणीलाही नाही म्हणालं. विठोबापुढे आणि लेकीच्या लग्नात पुरुषाचं रडणं चालतं, मग सख्ख्या भावासाठी का चालू नये? तुम्हीच आम्हाला अष्टसात्त्विक भाव पाठ करून घेतले होते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यातला स्वरभंग तर झालाच आहे बाबा. आई म्हणते, अण्णाकाका गेल्यापासून तुम्ही हरिपाठालाही आवाज काढलेला नाही.

डॉक्टर वयस्कर आहेत, मराठीत बोलतात. रडा म्हणणार नाहीत. तुम्ही छातीबद्दलच सांगा, तेवढं पुरे. मी बाहेर बसेन, म्हणालात तर आत येईन. गावात सांगायचं नसेल तर नातवाला भेटायला चाललोय म्हणा, तेही खरंच आहे.

इथली काळजी करू नका. तुमची खोली मागच्या बाजूची, गाड्यांचा आवाज येत नाही. एसी नाही, पंखा आणि आजीची गोधडी. पहाटे पाचला गरम पाणी मिळेल, चहा कोराच करेन, भाकरीचं पीठ दळून आणलंय. पेपर दारात येतो. आई, तुला कमोडच आहे, गुडघ्यांना त्रास नाही.

आता ऐका. शुक्रवारी सकाळचीच गाडी धरा, दोघांचं तिकीट अर्धंच पडतं. पुढची सीट घ्या. मी स्वारगेटला उभी असेन, रिक्षा करायची नाही. बीपीची गोळी प्रवास आहे म्हणून चुकवायची नाही. सगळे रिपोर्ट एका पिशवीत, ती पिशवी आईकडे. आणि तोवर एखाद्या रात्री झोप आलीच नाही, तर गोठ्यात एकटं बसू नका. मला उठवा, कितीही वाजले असले तरी. मी फोन नाहीच उचलला तर १४४१६ लावा, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात. आई, हा नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

येताना अण्णाकाकांचे टाळ घेऊन या. आमच्या सोसायटीत गुरुवारी भजन असतं. म्हणायचं नसेल तर नुसते शेजारी बसू. टाळ तुझ्या जुन्या पातळात गुंडाळ आई, म्हणजे गाडीत वाजायचे नाहीत.

तुमची,
ताई

ता. क. लोणच्याची बरणी आणू नकोस. मागची अजून अर्धी आहे.