उचल घेण्याआधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोडणी कामगारांच्या दराचा तीन हंगामांचा करार २०२५-२६च्या गाळपापर्यंतचाच असल्याने, नव्या मागण्यांचा मसुदा करण्यापूर्वी गावोगाव आणि तांड्या-वस्त्यांवर जाऊन सभासदांचे म्हणणे ऐकण्याचे आमच्या भागातील एका संघटनेने ठरवले आहे. वडवणी तालुक्यातील अशा एका बैठकीला मी हजर होतो. नऊ हंगाम कोयता चालवलेला असल्यामुळे या प्रयत्नाचे मी मनापासून स्वागत करतो. पण तेथे जे पाहिले त्यातील काही गोष्टी वेळीच बोलायला हव्यात, म्हणून हे पत्र.

मागचा करार जानेवारी २०२४मध्ये, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादातून झाला. त्यात ३४ टक्के वाढ मिळून टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६च्या आसपास गेला आणि २०२०मधील १४ टक्क्यांच्या मानाने ती मोठी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तोपर्यंत हंगाम सुरू होऊन दोन महिने उलटले होते. म्हणजे माणसे घरदार सोडून फडावर गेली, तेव्हा आपण कोणत्या दराने ऊस तोडणार आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हते. आमच्याकडे उचल, म्हणजे मजुरीपोटी मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, वाटायला आषाढ-श्रावणातच सुरुवात होते आणि लग्नाचे देणे, दवाखाना, पोरांच्या फिया यांत ती पोळ्यापर्यंत संपलेलीही असते. उचल घेतलेला माणूस दराविषयी काय बोलणार? अंगावरची बाकी कशी फिटेल, एवढेच तो पाहतो. म्हणून सभासदांना विचारायचे ते उचलीच्या आधी विचारावे. नंतर विचारणे हा केवळ उपचार ठरतो.

बैठक मारुतीच्या पारावर झाली. पुढे खुर्च्यांवर मुकादम (कारखान्यासाठी तोडणाऱ्यांची टोळी जमवणारे ठेकेदार), खाली सतरंजीवर कामगार आणि अगदी मागे, देवळाच्या भिंतीला टेकून बायका. प्रश्न एकच विचारला गेला: किती टक्के वाढ मागायची? कोणी पन्नास म्हणाले, कोणी शंभर. आकडा जेवढा मोठा, तेवढ्या टाळ्या जास्त. तेवढ्यात मागून एक वयस्क बाई म्हणाल्या, "आमची गाडी काट्यावर किती भरली, ते आमाला कोन सांगतं?" लोक हसले, पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले गेले आणि टिपणे घेणाऱ्या कार्यकर्त्याने ते वाक्य काही लिहून घेतले नाही.

खरे तर संध्याकाळभरात विचारलेला तोच सर्वांत नेमका प्रश्न होता. मजुरी टनावर ठरते आणि टन काट्यावर ठरतो. तोडणाऱ्याच्या हाती वजनाची पावती पडत नसेल, तर टक्क्यांचा कितीही मोठा आकडा त्याला पडताळून पाहता येत नाही. शिवाय टक्क्यांत न मावणारे बरेच काही आहे. ऊस आडवा पडलेला असेल तर तेवढ्याच टनाला दीडपट वेळ लागतो, मोळी डोक्यावरून लांबच्या वाटेने गाडीपर्यंत न्यावी लागते, कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागली की रात्र तिथेच जाते आणि त्या रात्रीचे कोणी काही देत नाही. दिवसाला दोन टन तोडले तरी जोडप्याच्या हाती ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. आणि पहाटे चारला चूल पेटवण्यापासून बाईचे जे काम सुरू होते ते तर कोणत्याच हिशेबात धरलेले नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल नवऱ्याच्या नावावर लिहितात आणि मतही त्याचेच विचारतात. पाळीच्या दिवसांत विश्रांती घेतली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९मध्ये राज्यभर चर्चा झाली. त्याच जिल्ह्यात मागण्यांचा मसुदा बायकांना भिंतीपाशी बसवून तयार व्हावा, हे मला पटत नाही.

मुकादमांविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यांतले कित्येक कालपर्यंत आमच्याबरोबर कोयता घेऊन उभे होते आणि टोळी पळाली की कर्जात बुडणारेही तेच असतात. दर वाढला तर त्यांचे कमिशनही वाढते, म्हणून दरापुरते त्यांचे आणि कामगारांचे हित एक आहे. उचलीवरचे व्याज, खाडा आणि पावती यांबाबत मात्र ते एक नाही. ज्याच्याकडून उचल घ्यायची त्याच्यासमोर या विषयांवर कोणी तोंड उघडणार नाही. दोघांची संघटना एक असायला हरकत नाही, पण मत विचारताना बैठका वेगळ्या घ्याव्यात.

आणखी एक. मसुद्यासाठी मत घेतले आणि करार मात्र सहीनंतर वर्तमानपत्रातून कळला, असे या वेळी होऊ नये. वाटाघाटीत देवाणघेवाण तासाभरात उरकावी लागते, तेवढ्यात तांड्यावर कोण विचारायला जाणार, असे पुढारी म्हणतात. पूर्वी ते खरे असेल. आता फडावरच्या प्रत्येक कोपीत, म्हणजे झोपडीत, मोबाइल आहे. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीमागे एक प्रतिनिधी, त्यात निम्म्या बायका, एवढी व्यवस्था केली तर सहीपूर्वी त्यांच्यापुढे अटी वाचून दाखवायला दोन दिवस पुरतील. ओळखपत्रांसाठी ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी झालेलीच आहे, त्यामुळे कोणत्या गावात कोण आहे हे नव्याने शोधायचीही गरज नाही.

पुढची बैठक शेजारच्या गावात होणार आहे. ती मुकादमांना वगळून, बायकांना पुढच्या रांगेत बसवून घ्यावी आणि काट्याच्या पावतीचा मुद्दा मसुद्यात दराच्याही आधी लिहावा, अशी संघटनेला विनंती आहे.

आपला,
एक माजी ऊसतोड कामगार
ता. वडवणी, जि. बीड