दोनपैकी एक ऑसिलेटर उन्हात सप्तक आखडतो: दुरुस्ती, बदल किंवा पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

काल दुपारी तुमच्या सर्व्हिस विभागाशी माझे सहाव्यांदा फोनवर बोलणे झाले. सातवा फोन मी करणार नाही, म्हणून हे पत्र.

डिसेंबरमध्ये मी तुमच्याकडून एकाच मॉडेलचे दोन ॲनालॉग ऑसिलेटर, म्हणजे सिंथेसायझरमध्ये स्वर निर्माण करणारी मॉड्यूल, घेतले, प्रत्येकी २१,८०० रुपयांना. बिल आणि दोन्हींचे मालिका क्रमांक सोबत जोडले आहेत. वॉरंटी एक वर्षाची आहे. दोन्ही एकाच केसमध्ये शेजारी शेजारी बसवलेले आहेत, एकाच पॉवर सप्लायवर चालतात आणि एकाच खोलीत तापतात. त्यातला पहिला उत्तम आहे, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. दुसरा ऊन चढले की सप्तक आखडतो.

सूर उतरतो असे मी म्हणत नाही. सप्तक आखडते असे म्हणतो आहे. हा फरक मी सहा फोनमध्ये सहा जणांना समजावला आणि प्रत्येकाने तक्रार मात्र 'ट्यूनिंगचा प्रॉब्लेम' अशीच लिहून घेतली.

एक व्होल्ट वाढवला की स्वर बरोबर एक सप्तक वर जायला हवा, हे तुमची वस्तू म्हणून तुम्हाला माहीत असणार, ते सांगत बसत नाही. आकडे देतो. ४ मे रोजी सकाळी ८ वाजता केसमध्ये २८ अंश होते. मंद्र सा पांढरी एकला, ६५.४ हर्ट्झवर लावला आणि मल्टिमीटरने मोजून एकेक व्होल्ट वाढवत गेलो. दुसऱ्या ऑसिलेटरवर १३०.८, २६१.६, ५२३ मिळाले. दृष्ट लागावी असे. दुपारी ३ वाजता केसमध्ये ३७ अंश झाले. मंद्र सा पुन्हा ६५.४ वर आणून तेच व्होल्ट दिले. आता मिळाले १२८, २५१ आणि ४९२. म्हणजे पहिल्या सप्तकात ३५ सेंट कमी, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात १०५. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. तिसऱ्या सप्तकावरचा सा वाजवला की शुद्ध नी ऐकू येतो. त्याच मिनिटाला शेजारचा पहिला ऑसिलेटर ५२२.६ दाखवत होता.

मी नाटकांना पार्श्वसंगीत देतो. मार्चमध्ये एका प्रायोगिक नाटकाची तालीम होती. गाणारी मुलगी वरच्या सा वर थांबणार आणि तिच्याखाली या दोन ऑसिलेटरचा आस भरून राहणार, असा प्रसंग होता. सदाशिव पेठेतला हॉल, वर पत्रा, दुपारचे दोन. आमच्या पेटीवर एकाहत्तर वर्षांचे काका असतात. तिने सा लावला, मी वरचा स्वर उघडला, तशी काकांनी पेटीचा भाता धरून ठेवला आणि म्हणाले, "बाळा, तुझं यंत्र उतरलं." ती मुलगी गोंधळली. तिला वाटले तिचेच चुकले. तिचे काहीही चुकले नव्हते. तिने परत सा लावला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता आणि पुढची पंधरा मिनिटे तो मोकळा झाला नाही. हे मी तुमच्या दुसऱ्या फोनवर सांगितले होते. त्यावर "ओके सर, नोट केलं" एवढेच उत्तर आले.

२ एप्रिलला मॉड्यूल तुमच्याकडे पाठवले. २६ दिवसांनी, २८ एप्रिलला, ते परत आले. सोबत चिठ्ठी: 'तपासले. दोष आढळला नाही.' मी मॉड्यूलबरोबर चार स्क्रू एका लहान प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड दुमडून स्टेपल केले होते. ती पिशवी त्याच पिनेसह, त्याच दुमडीसह परत आली. बबल रॅपवर मी स्केचपेनने मारलेली बाणाची खूण एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर गेलेली होती, तीही जिथल्या तिथे जुळलेली होती. म्हणजे पाकीट उघडलेच नाही. उघडले असेल तर कृपया मला सांगा, कोणी, कोणत्या तारखेला आणि किती अंश तापमानात ते तपासले.

आता कालचा फोन. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण कालपासून तो डोक्यातून जात नाही.

वेळ दुपारी ४ वाजून १० मिनिटे. आधी १८ मिनिटे थांबवून ठेवले. मग तुमचे एक वरिष्ठ बोलायला आले. आवाज गोड. मी आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली तर दुसऱ्याच आकड्यावर ते म्हणाले, "सर, ॲनालॉगमध्ये एवढं चालायचंच. त्यातच तर गंमत आहे ना?" मी म्हटले, सा च्या जागी नी येतो यात कसली गंमत? त्यावर ते म्हणाले, "तुम्ही शास्त्रीयवाले दिसता. मग तुम्हाला माहीत असेल, तंबोरासुद्धा रोज लावावा लागतो. तसंच हे. लावायचं आणि वाजवायचं."

मी दहा वर्षांचा असल्यापासून तंबोरा लावतो आहे. खुंटी कशी सरकते, जव्हारी कशी बिघडते, पावसाळ्यात काय होते, हे मला फोनवर शिकवायची गरज नव्हती. तरी मी शांतपणे सांगितले की तंबोऱ्याची तार उतरली तर ती तार मी चढवतो आणि काम होते. इथे लावण्याची खुंटी एकच आहे आणि ती सगळे स्वर एकदम वर किंवा खाली नेते. खालचा सा जुळवला तर वरचा पडतो, वरचा जुळवला तर खालचा चढतो. फूटपट्टीच आखडली असेल तर ती कितीही सरकवली तरी लांब होत नाही. त्यांनी विचारले, "मग मागचा ट्रिमपॉट फिरवून बघितला का?" बघितला. सप्तकाची रुंदी ठरवणारा तो छोटा स्क्रू दुपारी फिरवून सप्तक बरोबर केले तर सकाळी ते तेवढेच रुंद होते. हेही मी तिसऱ्या फोनवर सांगितलेले होते.

मग ते म्हणाले, "आमच्याकडे तर बरोबर चालतं. तुम्ही रूमला एसी का नाही लावत?"

महोदय, मी हे वाक्य वहीत लिहून घेतले आहे. २१,८०० रुपयांचे वाद्य पुण्यात मे महिन्यात वाजावे म्हणून मी एसी घ्यायचा. नाटकाच्या तालमीच्या हॉललाही मीच लावायचा का? तुमच्या माहितीपुस्तिकेत वापराचे तापमान १० ते ४५ अंश असे छापले आहे. ते छापताना हिंदुस्थानातला उन्हाळा कोणाच्या डोळ्यासमोर होता?

मी पुस्तिकेतले ते पान सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "सर, खरं सांगू का, रेकॉर्डला दिसतंय की रिबन केबल उलटी लागली होती. त्यामुळे हे वॉरंटीत येत नाही." मी विचारले, चिठ्ठीत तर दोष आढळला नाही असे आहे. दोष नसेल तर केबल उलटी लावून मी काय बिघडवले? यावर काही क्षण कोणी बोलले नाही आणि फोन बंद झाला. मी ठेवला नव्हता.

पॉवर सप्लायकडून वीज आणणाऱ्या या केबलचे म्हणाल तर तुमच्या मॉड्यूलवरचा १० पिनांचा सॉकेट खाचेचा आहे. केबल उलटी जातच नाही. केबलची लाल कडा उणे १२ व्होल्टकडे, हे रॅक वापरणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. शिवाय उलट्या जोडणीपासून संरक्षण देणारे डायोड बसवले आहेत असे तुमचीच पुस्तिका सांगते. आणि उलट जोडणीने जळालेले मॉड्यूल सकाळी २८ अंशांना ५२३ हर्ट्झ कसे देईल?

दोष कुठे आहे ते मी सांगतो. बोर्ड मागून उघडाच असतो, त्यामुळे एकही स्क्रू न काढता दिसतो.

तुमचा ऑसिलेटर व्होल्टचे वारंवारितेत रूपांतर करायला जुळवलेल्या ट्रान्झिस्टरांची जोडी वापरतो. या जोडीला वारंवारिता दुप्पट करायला २८ अंशांना सुमारे १८ मिलिव्होल्ट लागतात आणि ३७ अंशांना सुमारे १८.५. जोडी जुळवलेली असली की बाकीचे चढउतार कटतात, पण हा फरक कटत नाही. तो भरून काढायला तापमानाबरोबर वाढणारा खास रेझिस्टर लागतो, अंशाला सुमारे ३,३०० पीपीएमचा (दहा लाखांत ३,३०० भाग). त्यालाच सगळे टेम्पको म्हणतात. पहिल्या ऑसिलेटरमध्ये तो आहे: चपटा, ट्रान्झिस्टरांच्या पाठीला चिकटवलेला, भोवती पांढरी पेस्ट. दुसऱ्यात बोर्डवर त्याच जागी 'टेम्पको' असे छापलेले आहे आणि त्यावर निळ्या अंगाचा साधा मेटल फिल्म रेझिस्टर बसवलेला आहे. पट्ट्या तपकिरी, काळी, काळी, तपकिरी, तपकिरी. एक किलो-ओहम, १ टक्का. पांढरी पेस्ट त्यालाही लावली आहे. दोन्ही बोर्डांचे फोटो जोडले आहेत. नऊ अंशांत सप्तकामागे ३५ सेंट जाणे हे टेम्पको नसल्याच्या हिशोबाशी तंतोतंत जुळते.

पन्नास-शंभर रुपयांच्या भागाचा हा प्रश्न असावा. जोडणी करताना कोणाचा तरी हात चुकला असेल, माणसाकडून चूक होते. ती मी पहिल्याच फोनला माफ केली असती. पण चुकीचा भाग बसवायचा, २६ दिवस पाकीट न उघडता ठेवायचे आणि मग मलाच सांगायचे की तुमचा कान, तुमची खोली किंवा तुमची केबल खराब आहे, हे मी माफ करणार नाही.

मला वाईट वाटते ते वेगळ्याच कारणाने. परदेशी मॉड्यूल मागवता आले असते, कस्टम ड्युटी भरून. मी मुद्दाम इथे बनलेले घेतले. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) मूग या अमेरिकन कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर आला आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला, तेव्हा तो बाहेरून आणावा लागला. १९८२ मध्ये मुंबईत संगीतकार चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर राग वाजवले, ती यंत्रेही जपानची होती. आपल्या माणसांनी हे वाद्य इतकी वर्षे वाजवले, पण बनवले दुसऱ्यांनी. तुमचे मॉड्यूल केसमध्ये बसवले त्या दिवशी मी ते काकांना दाखवले होते आणि 'हे आपल्याकडे बनलंय' असे सांगितले होते. आता त्यांच्यासमोर ते उघडायची मला लाज वाटते. तापमानाचा हा प्रश्न नवा नाही. १९७० च्या मिनीमूग सिंथेसायझरपासून सगळ्यांना तो माहीत आहे आणि उपायही तितकाच जुना आहे. तुमच्या सर्किट आखणाऱ्या माणसाला तो पुरता माहीत आहे, कारण पहिल्या ऑसिलेटरमध्ये त्याने तो सुरेख केला आहे. त्या माणसापर्यंत माझी तक्रार एकदाही पोहोचली नाही असे मला वाटते. हे पत्र कृपया त्याला दाखवा.

माझी मागणी: योग्य टेम्पको बसवून ३७ अंशांपर्यंत तापवून तपासलेले मॉड्यूल द्या आणि मोजलेले आकडे लेखी द्या. नाहीतर नग बदलून द्या. तेही जमत नसेल तर २१,८०० रुपये परत करा. जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च तुमचा. केबल उलटी लागल्याची जी नोंद तुमच्या रेकॉर्डला आहे, ती काढून टाकल्याचे लेखी कळवा. ही शेवटची मागणी मी कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. दोन्ही बोर्डांचे फोटो, आकड्यांचा तक्ता, न उघडलेली पिशवी आणि सहा फोनच्या तारखा माझ्याकडे तयार आहेत.

मॉड्यूल बांधून ठेवले आहे. कुरिअरवाल्याला सकाळी दहानंतर पाठवा. या वेळी स्क्रूच्या पिशवीच्या तोंडावर कागद चिकटवून त्यावर तारीख टाकून सही केली आहे.

एक ग्राहक,
पुणे

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही बोर्डांचे फोटो, ४ मेच्या आकड्यांचा तक्ता, तुमची २८ एप्रिलची चिठ्ठी