कॅमेरे आले, आता ठाण्यावरच्या टेबलाकडे बघा

माननीय डॉ. प्रमोद सावंत
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

मी उत्तर गोव्यात फौजदारी वकिली करतो. कधी फिर्यादीच्या बाजूने उभा राहतो, बहुतेक वेळा आरोपीच्या. त्यामुळे पोलीस ठाण्याची पायरी रोजची. हे पत्र पोलिसांना झोडपण्यासाठी लिहीत नाही. ते काम करायला बरेच जण आहेत.

मेरशी जंक्शनवर 2023 साली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सिग्नल बसला. लाल दिवा तोडला की चलन थेट मोबाइलवर. लोक कुरकुरले, पण त्या चौकात गाड्या रेषेमागे थांबू लागल्या, हे मी स्वतः बघतो. वाहतूक पोलिसांच्या छातीवरही कॅमेरे आले. चांगलेच झाले. पण मला दंड लावायचा असतो तेव्हा सरकारचे यंत्र काही क्षणांत मला शोधून काढते, आणि मी लुबाडला गेलो की तेच सरकार मला या ठाण्यावरून त्या ठाण्यावर फिरवते. हे काही पटत नाही.

एका अशिलाची गोष्ट सांगतो. नाव, गाव, ठाणे काहीच लिहीत नाही, कारण ही एका ठाण्याची गोष्टच नाही. हे गृहस्थ खनिजाच्या ट्रकवर संसार चालवायचे. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला आणि पैसे मुदत ठेवीत टाकले. एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी गणवेश, मागच्या भिंतीवर पोलिसांचे बोधचिन्ह. तुमच्या आधार कार्डावर पार्सल निघालेय, त्यात ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून उठलात तर अटक. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार देशातल्या कुठल्याही कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगितले होते. पण हा माणूस त्या रात्री स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून, त्याच्यासमोर बसून होता. बायकोने जेवायला वाढले तेव्हा तिच्याशी बोलायचीही त्याला मुभा नव्हती. सकाळी बँक उघडल्या उघडल्या ठेव मोडली, आरटीजीएस केले. दुपारी मुलगा घरी आल्यावर सगळा उलगडा झाला.

बापलेक तडक ठाण्यावर गेले. साहेब बंदोबस्ताला. हवालदार सज्जन होता. त्याने म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले, ‘हें सायबराचें, तुमी रायबंदरा वचात’, म्हणजे हे सायबरचे प्रकरण, तुम्ही रायबंदरच्या सायबर ठाण्यावर जा. रायबंदरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

आपण वैद्यकीय शिक्षण घेतले आहे. ‘गोल्डन अवर’, म्हणजे जीव वाचवण्याचा पहिला मोलाचा तास, काय असतो ते मी आपल्याला सांगणे बरे दिसणार नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन गेला की तक्रार केंद्राच्या यंत्रणेत चढते आणि पैसे ज्या बँकेत गेलेत तिला ते थांबवण्याचा निरोप जातो. पैसे अजून खात्यात असतील तर तिथेच अडकतात. पण चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. तो ते बघता बघता भाड्याने घेतलेल्या पाच-दहा खात्यांत पसरतो, तिथून एटीएमने काढतो नाहीतर क्रिप्टोत वळवतो. त्या हवालदाराने पाण्याबरोबर टेबलावरचा फोन पुढे करून 1930 लावून दिला असता, तर निदान थोडे तरी वाचण्याची आशा होती. त्याला ते कोणी शिकवलेच नव्हते.

आता कायदा बघा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असो, घ्यायचीच. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली आणि तीन दिवसांत सही केली तरी चालते. मग ‘रायबंदरा वचात’ हे कुठल्या कलमात बसते? अडचण आहे, आणि ती खरी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 मुळे त्या कायद्याखालचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. लहान ठाण्यावर निरीक्षक (पीआय) एकच. त्याचा दिवस इफ्फी चित्रपट महोत्सव, जत्रा, चर्चचे फेस्त, मोर्चे आणि मंत्र्यांचे कार्यक्रम (आपलेही त्यात धरून) यांच्या बंदोबस्तात जातो. तपास उरतो रात्रीला. मात्र कलम 78 तपासाबद्दल आहे, तक्रार लिहून घेण्याबद्दल नाही. तक्रार वाळपईत घ्या, पेडण्यात घ्या, काणकोणात घ्या, आणि पुढे कागद रायबंदरला जाऊ दे. माणसाला कशाला पाठवायचे?

याची दुसरी बाजूही आहे. चोराने त्याच पैशांतून कुठे मासे घेतले, कुठे खोलीचे भाडे भरले, की त्या मासेविक्रेतीचे खातेही गोठते. दूरच्या कुठल्या तरी राज्यातल्या ठाण्याच्या पत्रावरून. तिला ते ठाणे कुठे आहे हेही ठाऊक नसते आणि बँक ‘पोलिसांना विचारा’ म्हणते. कोणत्या पोलिसांना? आपल्या ठाण्यावर तिच्यासाठी त्या दूरच्या ठाण्याला एक अधिकृत ईमेल पाठवणारा माणूस हवा. एवढ्यासाठी वकील करायची वेळ तिच्यावर येऊ नये, माझा धंदा बुडाला तरी.

आणखी एक गोष्ट, जिचा फायदा माझ्यासारख्या वकिलांना होतो. दुकानात चोरी होते. दुकानदाराकडे सीसीटीव्ही असतो. हवालदार येतो, मॉनिटरसमोर स्वतःचा मोबाइल धरतो आणि पडद्याचाच व्हिडिओ काढतो. त्यात ट्यूबलाइटची तिरीप दिसते, मागून दुकानदाराचा पोरगा ‘तो बघ, तो बघ’ ओरडताना ऐकू येतो, चोराचा चेहरा मात्र दिसत नाही. चित्रण साठवणारा मूळ डीव्हीआर तसाच दुकानात राहतो आणि काही आठवड्यांत त्यावर नवे चित्रण चढून जुने पुसले जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते, आणि प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी ठसा बदलतो. न्यायालयात मी हवालदाराला एवढेच विचारतो, ‘हॅश कुणी काढली?’ तो सरकारी वकिलांकडे बघतो. माझा अशील सुटतो, आणि घरी जाताना मला फार अभिमान वाटतो असे नाही. यात महागडे काहीच लागत नाही. प्रत्येक ठाण्यावर एक लॅपटॉप, एक कोरी हार्ड डिस्क, आणि हे काम येणारा एक शिपाई, ज्याची सहा महिन्यांत बदली होणार नाही.

तज्ज्ञ कुठून आणायचे, हा प्रश्न गोव्याला तरी पडू नये. वेर्ण्याला आपली न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. फोंड्याजवळ कुर्टीला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे संकुल आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ जाणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 ने बंधनकारक केले आहे आणि त्याच्या तयारीला राज्यांना पाच वर्षांची सवलत दिली आहे. त्यातला बराच काळ सरला. कुर्टीत शिकणारी मुले परीक्षेनंतर दिल्ली-बंगळूरची तिकिटे काढतात. त्यांना ठाण्याठाण्यांवर पगारी उमेदवारी द्या.

जमीन हडप प्रकरणांत या मनुष्यबळाची किंमत आपल्याला कळून चुकलीच आहे. 2022 साली आपणच विशेष तपास पथक नेमले. पोर्तुगीज काळातले दस्त बनावट तयार करून, घराचे मालक परदेशी आहेत किंवा हयात नाहीत हे हेरून, बार्देशातल्या जमिनी फिरवल्या गेल्या. हा गुन्हा पकडायला पोर्तुगीज वाचता येणारा, जुन्या कागदाची आणि शाईची पारख असलेला आणि निबंधक कार्यालयातल्या नोंदी संगणकावर ताडून बघणारा माणूस लागतो. कॅमेरा इथे उपयोगी नाही. आणि त्याच प्रकरणातला एक आरोपी डिसेंबर 2024 मध्ये क्राइम ब्रांचच्या कोठडीतून निसटला, तेव्हा त्याला पळवल्याचा ठपका येऊन बडतर्फ झाला तो कोठडीवरचाच शिपाई. कुलूप कितीही आधुनिक असो, किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते बघावेच लागते.

म्हणूनच ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचाही विषय काढतो. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 रोजी सांगितले की प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, आवाज टिपणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने जपावे. मी एकदा अशिलासाठी चित्रण मागितले. उत्तर आले, यंत्रणा नादुरुस्त होती. नेमकी त्याच दिवशी! चौकातला कॅमेरा बिघडला तर दंड बुडतो म्हणून तो लगेच दुरुस्त होतो. ठाण्यातला बिघडला तर कोणाचे काय बुडते, याचा विचार आपल्याकडून व्हावा.

भाषेचे राहिले. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराची वाट ठेवली. पण फिर्याद इंग्रजीत टाइप होते. बाई कोकणीत किंवा मराठीत रडत सांगते, पीएसआय दोन बोटांनी इंग्रजीत उतरवतो, ती सही करते. वर्षा-दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात ती म्हणते, ‘असं मी सांगितलंच नव्हतं’, आणि बहुधा ती खरे बोलत असते. भाषांतरासाठी केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प आहे. पण त्याचीही वाट बघायला नको. फिर्यादी बोलत असताना ध्वनिमुद्रण करा आणि ते फिर्यादीच्या कागदाला जोडा.

चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेचे, ड्रोनचे प्रस्ताव येतच राहतील. विकणारे पर्वरीला सचिवालयात येऊन छान सादरीकरण करतात. त्यांना नाही म्हणा असे माझे म्हणणे नाही. पण गोळा होणारे चेहरे कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि पुसले हे कोण तपासणार, हे करारात लिहिल्याशिवाय सही करू नका. वैयक्तिक माहितीच्या (विदा) संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने सरकारी यंत्रणांना बरीच मोकळीक दिली आहे, म्हणून हे राज्यानेच स्वतःवर घालून घ्यावे लागेल.

पुढच्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर एक तक्ता ठेवावा, अशी विनंती आहे. ठाणेनिहाय: 1930 वर किती तक्रारी गेल्या, त्यांतल्या किती गुन्हे म्हणून नोंद झाल्या, तक्रारीपासून नोंदीपर्यंत किती दिवस लागले, किती रक्कम अडवली आणि त्यातली किती प्रत्यक्ष परत मिळाली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 प्रमाणे तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायची असते, ती किती जणांना कळवली, हाही एक रकाना त्यात असू दे. माझ्या त्या अशिलाला अजून काहीही कळवलेले नाही.

आपला,
उत्तर गोव्यातील एक वकील