सूचना : पुढच्या सत्रात उष्णता, तयारी करून या

सर्व सदस्यांना नमस्कार. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पुढच्या सत्रात उष्णता आणि पदार्थाच्या अवस्था हा भाग घ्यायचा आहे. पेशी, बल, आम्ल-आम्लारी नंतर पाहू.

कृपया आल्या आल्या फळ्यावर व्याख्या लिहू नका. चंचुपात्रात बर्फाचा चुरा घ्या, तापमापी धरा आणि मंद आचेवर ढवळत राहा. दर मिनिटाची नोंद मुलांनीच करायची. बर्फ वितळून संपेपर्यंत तापमान ०° सेल्सिअसच्या आसपास अडून राहतं. मग चढू लागतं आणि पाणी खळखळून उकळलं की १०० च्या जवळ पुन्हा थांबतं. आच तर चालूच आहे, मग उष्णता जाते कुठे? हा प्रश्न मुलांकडून येऊ द्या, थोडा वेळ लागला तरी चालेल. ‘अप्रकट उष्मा’ (तापमान न वाढवता फक्त अवस्था बदलण्यात खर्च होणारी उष्णता) हा शब्द त्यानंतरच काढा. १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात, तर १ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४०. वाफेचं पुन्हा पाणी होताना हीच उष्णता बाहेर पडते, म्हणून वाफेचा चटका इतका का भाजतो, ते इथे सहज सांगता येईल.

आकडा ९८ वर थांबला, तर लगेच तापमापीला दोष देऊ नका. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी आधीच उकळतं.

ताप मोजायची तापमापी मात्र अजिबात आणू नका. ती साधारण ४२ अंशांपर्यंतच असते, उकळत्या पाण्यात फुटेल. ११० अंशांपर्यंतची, लाल द्रवाची हवी. कोणाकडे जादा असेल तर आजच कळवा.