ब्रेल ही भाषा नव्हे, लिपी

महोदय,

अंधांसाठी ठिपक्यांची लिपी बनवणाऱ्या लुई ब्रेलच्या जयंतीनिमित्तचा तुमचा लेख काल सौ.ने वाचून दाखवला. चार जानेवारीला तरी आम्हा अंधांची आठवण होते, आभारी आहे. पण लेखात ‘ब्रेल भाषा’ पाच वेळा आली आहे. सौ.ला दर वेळी थांबवून मोजली. ब्रेल ही लिपी आहे हो! मी मराठीच वाचतो, फक्त बोटांनी.

शिवाय लुईची लिपी संस्थेने ‘तत्काळ उचलून धरली’ हे कुठून आणलेत? पंधरा वर्षांच्या पोराने १८२४ मध्ये सहा ठिपक्यांची लिपी बसवली. पॅरिसच्या त्याच्याच शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली, तोवर त्याला जाऊन दोन वर्षे झाली होती. मध्यंतरी १८४० मध्ये आलेल्या दुफो नावाच्या संचालकांनी तर तिच्यावर बंदीच घातली. मुले चोरून लिहीत राहिली.

आणि ब्रेलच्या आधीची, शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची पद्धत ‘क्लिष्ट’ म्हणून एका वाक्यात निकालात काढलीत. क्लिष्ट होतीच, एका बोटाखाली मावत नसे. पण गोम वेगळीच होती. ती नुसता उच्चार टिपायची. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत. ब्रेलला ते नको होते.

हे उगाळतोय, कारण माझ्या बहिणीचा नातू. जन्मांध, पाचवीत, गावातल्याच शाळेत. शाळेने सांगितले, “आता मोबाईल सगळं वाचून दाखवतो, ब्रेल कशाला?” दिवाळीत पोरगा आला होता. हुशार, तीसपर्यंत पाढे तोंडपाठ. मी विचारले, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक काय? म्हणाला, “आजोबा, दोन्ही सारखंच ऐकू येतं की!” त्याचे काय चुकले? शब्द त्याने कधी चाचपलेलाच नाही. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे दुसरा-चौथा ठिपका, दीर्घ ई म्हणजे तिसरा-पाचवा. बोटाला फरक लगेच कळतो. दोनशे वर्षांनी आपण पोरांना परत बार्बिएसाहेबांच्या वर्गात बसवले, तेही प्रगती म्हणून!

आम्ही शिकलो ते ब्रेल पाटीवर. उजवीकडून डावीकडे, उलटे टोचायचे. कागद पालटला की सरळ. उलटसुलट झाले की ‘इ’चा ‘ए’ होतो. एकदा मी ‘दिवा’ लिहायला गेलो आणि ‘देवा’ झाले. गुरुजींनी बोट फिरवले नि म्हणाले, “देव राहू दे, आधी दिवा लाव.” पान पहिल्यापासून लिहायला लावले. वेलांटी अजून चुकत नाही.

मोबाईलशी माझे वैर नाही, मीही वापरतो. हा लेखसुद्धा आधी तुमच्या अ‍ॅपवरच वाचायला गेलो होतो. फोन “बटण, बटण, नाव नसलेले बटण” म्हणत राहिला आणि मग त्याने पंख्याची जाहिरात दोनदा वाचली. शेवटी सौ.ला हातातले काम टाकून यावे लागले.

– एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सातारा