रविवारचं लग्न

वसई, २७ ऑक्टोबर २०२४

प्रिय वकीलसाहेब,

तुझा फोन आला तेव्हा मी चर्चच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलो होतो, म्हणून दोन वाक्यांत गुंडाळला. राग मानू नकोस. आज सकाळचा मिस्सा (आमची चर्चमधली उपासना) झाला, जेवण अंगावर आलंय, पण आत्ता आडवा झालो तर हे पत्र दिवाळीनंतरच. तर ऐक. धाकटीचं लग्न १९ जानेवारीला, रविवारी, दुपारी साडेतीन वाजता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच गोल कर आणि सोमवारी कोर्टात तारीख घेऊ नकोस.

तू विचारलंस, "तुमच्यात मुहूर्त नसतो, मग तारीख काढायला तीन महिने कसले लागले?" अरे, पंचांग नसलं म्हणून काय झालं, आमचंही उपासनेचं वर्ष असतं. १ डिसेंबरला आगमनकाळ लागतो, तो नाताळपर्यंत. ५ मार्चला राखेचा बुधवार, तिथून ईस्टर येईस्तोवर प्रायश्चित्तकाळ. ईस्टर पुढच्या वर्षी २० एप्रिलला. या दिवसांत लग्नाला सरसकट बंदी आहे असं नाही. गुड फ्रायडे आणि दुसऱ्या दिवशीचा शनिवार एवढेच पक्के वर्ज्य. पण वसईत त्या काळात मांडव घालायची कुणाची छाती होत नाही. जावई दुबईला नोकरीला, त्याची सुट्टी जानेवारीत. जानेवारीत रविवार चार. ५ला तो विमानातच असणार, १२ला हॉल नाही, २६ला लग्न लावावं तर २७ला त्याचं परतीचं तिकीट. म्हणजे राहिला १९.

आणि रविवारच का, हे फादरांनीही विचारलं. शनिवारी चर्च मोकळं, फादर मोकळे, हॉलही स्वस्त. पण आमचे अर्धे पाहुणे विरार लोकलला लोंबकळत जाणारे. बँडवाला सहा दिवस कंपनीत, रविवारीच ट्रम्पेट हातात धरतो. शनिवारी लग्न काढलं तर आहेराची पाकिटं येतील, माणसं नाही येणार.

फादरांनी वही पुढे ओढली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, रविवारांच्या ओळी लाल शाईने आखलेल्या. १९ तारखेच्या ओळीत पाच मिस्सांच्या वेळा शाईने होत्या आणि साडेतीनसमोर पेन्सिलीने एक नाव. आमचं नव्हे, दुसऱ्या वाडीतल्या मुलीचं. मी म्हटलं, "मग आम्हाला पाचला द्या." त्यांनी बोटं मोजून दाखवली. एका धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करायचा, हा मूळ नियम. माणसं कमी पडतात म्हणून बिशप दोनची परवानगी देऊ शकतात, आणि रविवारी गरजच असेल तर तीनची. त्यापुढे नाही. आमच्याकडे फादर दोन. पाच मिस्सा गावाचे, सहावा त्या पेन्सिलवाल्या मुलीचा. सातवा आणायचा कुठून? मी आयुष्यभर रविवारी चर्चला जातोय, पण रविवारचे मिस्सा असे मोजूनमापून असतात हे मला या वयात कळलं. डोक्यात एकच होतं, पैसे भरले की वेळ आपली. हॉलसारखं.

बाहेरचा फादर आणावा, तर जानेवारीत सगळीकडे लग्नंच. शेवटी फादर म्हणाले, "एकाच मिस्सात दोन्ही लग्नं लावूया."

घरी येऊन हे सांगितलं आणि बायको तडकली. एवढी एक धाकटी राहिली, तिच्याही लग्नात वाटेकरी? फुलं कुणाच्या पसंतीची? फोटोवाले एकमेकांच्या पायात येणार, त्याचं काय? धाकटी गप्प. मी नेहमीप्रमाणे पाण्याचा पंप बघायला वाडीत जायच्या बेतात. तेवढ्यात आई खाटेवरून हसायला लागली. म्हणाली, "माझ्या वेळी सात जोडपी होती रे एका मिस्साला. सगळे नवरे काळ्या कोटात. तुझा बाप शेजारीच गुडघे टेकून आहे ना, ते मी दोनदा तिरकं बघून घेतलं." ऐंशी पार केलेल्या बाईने हे दात नसलेल्या तोंडाने सांगितल्यावर बायकोला तरी किती वेळ रागात राहता येणार?

आणि तसं ते घाऊक नसतं. "स्वतःच्या मर्जीने आलात का" हा प्रश्न आणि त्यानंतरची संमती प्रत्येक जोडप्याची वेगळी घेतात. लग्नाचा आशीर्वाद तेवढा सगळ्यांना एकदम. तुझ्यासारख्या वकिलाने त्या संमतीकडे नीट लक्ष द्यावं. आमच्यात लग्न फादर लावतात असं लोक म्हणतात, खरं तर नवरा-नवरीच एकमेकांचं लावतात, फादर चर्चतर्फे ती संमती स्वीकारतात. समोर दोन साक्षीदार लागतात, आणि मागाहून वहीत सह्या. तुझ्या १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही हेच चालतं.

आता गंमत ऐक. लग्नाच्या मिस्साला बायबलमधली वाचनं कुठली घ्यायची ते मुलांनी ठरवायचं असतं. धाकटी मोबाईलवर शोधत बसली, तर आईने चर्चचं कॅलेंडर मागून घेतलं. चर्चमध्ये रविवारची शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्रातले उतारे, तीन वर्षांच्या फेऱ्याने वाचतात, आणि या फेऱ्यात १९ जानेवारीला नेमका काना गावच्या लग्नाचा उतारा येतो! द्राक्षारस संपतो, मरिया येशूला सांगते, "त्यांच्यापाशी द्राक्षारस नाही," आणि सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा तो द्राक्षारस करतो. तीन वर्षांतून एकदा येणारा रविवार, तो अडचणीमुळे आमच्या वाट्याला आला. दुसऱ्या मुलीच्या घरी फोन केला तर त्यांनीही तोच उतारा धरलेला. पहिलं एकमत तिथे झालं. फुलांवर अजून व्हायचंय.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, कारण पूर्वी लग्न झालं असेल तर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत कडेला केलेली असते. जावयाचा बाप्तिस्मा दादरला, म्हणून तिकडे खेप. विवाहपूर्व शिबिर दोघांनी केलं, त्याने दुबईत, हिने इथे. दोन्हीकडच्या चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारतील. कुणाला हरकत असेल तर तेव्हा कळवायचं. तुझी काही असेल तर आत्ताच बोल.

हॉलवाल्याने मात्र डोकं फिरवलं. आगाऊ रक्कम घेतली, पावती दिली, आणि महिन्याभराने म्हणतो संध्याकाळ दुसऱ्याला गेलीय, तुम्ही दुपारचं जेवण घाला. साडेतीनच्या लग्नाचं जेवण दुपारी! आहे का उत्तर? पैसे परत आणले आणि आता अंगणातच मांडव. बायको म्हणते, हे आधीच करायला हवं होतं. सध्या ती सगळ्याच बाबतीत हेच म्हणते.

भाची वेगळीच रडतेय. नव्या मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमाचं तिकीट तिने तासन् तास रांगेत, म्हणजे मोबाईलवरच्या रांगेत थांबून मिळवलं, आणि तेही नेमकं १९चंच. मी म्हटलं, ये नाहीतर नको येऊस, पण चर्चच्या क्वायरला सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी, तू एकटीच आहेस.

आता तुझं. शनिवारी दुपारीच पोच. रविवारी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक असला तर तू दादरच्या फलाटावर अडकायचास आणि त्याच दिवशी मुंबई मॅरेथॉन, म्हणजे टॅक्सीचाही भरवसा नाही. शिवाय शनिवारी रात्री फुगे तळायचे आहेत. आंबवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, अंगठ्याजवळून चेंडूएवढं दाबून वर काढायचं आणि तेलात सोडायचं. ते आपलं आपण उलटतं. तुझ्या हाताला जमणार नाही, पण गरम गरम उचलायला तू हवास. इंद्यालच्या, म्हणजे डुकराच्या रश्श्याच्या, टोपाजवळ तू फिरकणार नाहीस हे माहीत आहे. तुझ्यासाठी वालाचं बिरडं वेगळं. येताना कंदी पेढे आण, आईला दात नसले तरी चालतात.

चर्चमध्ये पुढे बसायचं, मागे खांबाआड नाही. वेदीपुढे दोन नवऱ्या असतील, दोघी पांढऱ्यात, तोंडावर जाळी. बुचकळ्यात पडू नकोस. दुसऱ्या मुलीने गुलाब घ्यायचं ठरवलंय. आमची म्हणजे जिच्या हातात आपल्या वाडीतली कागड्याची फुलं असतील ती.

तुझा,
वाडीवाला