मंत्रीसाहेब, बोर्डावरची ती 40 मिनिटं नक्की कोणाची?

मा. पर्यटनमंत्री,
स.न.वि.वि.

साहेब, लहान मुलांना घेऊन छोट्या, एका दिवसाच्या ट्रेकला जाणाऱ्या आयांपैकी मी एक. पोरं म्हणजे अगदी तीन-चार-पाच वर्षांची, सकाळी लवकर निघायचं आणि ऊन तापायच्या आत परत खाली यायचं, एवढाच आमचा बेत असतो. पर्यटनाच्या जाहिरातीत असं कुटुंब कायम हसत उभं असतं म्हणून म्हटलं थेट तुम्हालाच लिहावं. तक्रार रस्त्याची नाही, पार्किंगचीही नाही (त्यावर लिहिणारे खूप आहेत), पायवाट जिथून सुरू होते तिथल्या बोर्डाची आहे.

त्यावर असतं, अंतर 2 किमी, वेळ 40 मिनिटं. बस्स.

आता हे कोणाच्या पायांनी मोजलंय? विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ढोबळ हिशोब सांगितला होता, तासाला साधारण 5 किमी आणि दर 600 मीटर चढाईला एक तास वेगळा धरायचा. त्या हिशोबाने 2 किमी आणि 150 मीटर चढ म्हणजे 39 मिनिटं होतात, म्हणजे बोर्ड काही खोटं बोलत नाही, पण तो बोलतोय न थांबता चालणाऱ्या धडधाकट मोठ्या माणसाशी.

चार वर्षांचं पोर असं चालतच नाही हो. मुंग्यांची रांग दिसली की ते उकिडवं बसतं, त्यातली एखादी मुंगी मेलेला किडा ओढत असेल तर तो बिळात जाईपर्यंत हलत नाही, मग काठी पाहिजे, मग ही नको ती पाहिजे, मग शू. दुप्पट-तिप्पट वेळ सहज जातो, आणि खरं सांगायचं तर आम्ही याच्यासाठीच जातो, माथ्यावरच्या व्ह्यूमध्ये त्यांना काडीचा रस नसतो. पण पहिल्यांदाच आलेले आईबाप बोर्डावर विश्वास ठेवतात, 40 मिनिटांनी बघतात तर अर्धी वाटसुद्धा झालेली नसते, मग ओढाओढ, रडारड, आणि तोवर ऊन डोक्यावर. मुलांच्या अंगावरची त्वचा वजनाच्या मानाने जास्त असते म्हणून त्यांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि वाऱ्यात लवकर गारही पडतं. पाठीवरच्या कॅरियरमधल्या बाळाचं तर विचारूच नका, चालणाऱ्या बाबाला घाम फुटलेला असतो आणि मागे बाळ नुसतं बसून असल्यामुळे त्याचे पाय गार पडलेले असतात, बाबाला पत्ताच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. बोर्डावर लहान मुलांसोबत लागणारा वेळ वेगळा लिहा, जाऊन-येऊन. पाणी आणि सावली शेवटची कुठे मिळते ते लिहा, दरी किंवा खोल पाणी कुठून जवळ येतं ते लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्ध्या वाटेवर एखादी बरी जागा बघून तिथे पाटी लावा की इथून परत फिरलात तरी ट्रेक झाला. ही एक पाटी खूप रडारड वाचवेल, कारण वरपर्यंत जायचंच हा हट्ट पोरांचा नसतो, आमचा असतो!

बोर्डाच्या कामासाठी माणसं येतीलच तेव्हा जाता जाता दोन गोष्टी त्यांना बघायला सांगा. चार वर्षांच्या मुलाची उंची असते जेमतेम मीटरभर, त्याला एक फुटाची पायरी गुडघ्याच्याही वर येते, म्हणजे ते चढत नाही, हातापायांवर रांगतं. आणि कड्याच्या बाजूला मोठ्यांच्या कमरेएवढा एकच आडवा पाइप लावून त्याला रेलिंग म्हणणं बंद करा, पोर त्याच्याखालून न वाकता पलीकडे जातं.

अजून एक, ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1981 मध्ये डोंगरात हरवलेल्या एका लहान मुलाचा मृत्यू झाला, त्यानंतर तिथे मुलांना शिकवायला लागले की वाट चुकली तर भटकायचं नाही, जवळच्या झाडाला मिठी मारून तिथेच थांबायचं. मिठीने धीर येतो आणि एकाच जागी थांबलेलं मूल शोधायला सोपं जातं. झाडाला मिठी मारलेल्या मुलाचं चित्र बोर्डावर काढायला कितीशी जागा लागते? वाचता न येणाऱ्या पोरालाही ते कळेल. खाली शिट्टीची खूण लिहा, मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा सुरू, डोंगरातली मदतीची हाक अशीच असते. नाहीतर गळ्यातली शिट्टी खेळण्यातच जाते.

यासाठी वेगळी समिती वगैरे नेमू नका प्लीज. एखादा सेल्फी पॉइंट कमी केलात तर बोर्डांचा खर्च निघेल. आणि नवीन वेळ ऑफिसात बसून ठरवू नका, खात्यातल्याच कोणाचं तरी चार वर्षांचं पोर घेऊन वाट चालून बघा, घाई न करता, ते म्हणेल तिथे थांबत. खात्यात कोणी तयार नसेल तर कळवा, घड्याळ आणि पोर दोन्ही घेऊन मी येते.

आपली,
एक आई